नंबर बुटाचा, दुखणं पायाचं

गेल्या वर्षीच्या महिला दिनाला आम्ही आमच्या बचत गटातल्या बायकांची चालण्याची शर्यत ठेवली होती. नारायण पेठेतल्या मोदी गणपतीपाशी जमायचं, तिथून अलका चौक, पुढे लकडी पूल ओलांडून जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानापर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं परत. अंतर तीन-सव्वातीन किलोमीटर. गटातल्या बहुतेक जणी पेठेतच धुणंभांडी, पोळ्या, आजारी माणसांची देखभाल अशी कामं करणाऱ्या. दिवसभर दुसऱ्यांसाठी उभ्या असणाऱ्या या बायकांनी एक दिवस स्वतःसाठी चालावं, एवढाच हेतू.

हेतू चांगला असला की आपलं तपशिलाकडे दुर्लक्ष होतं. माझंही तसंच झालं. एका ओळखीच्या गृहस्थांनी सगळ्यांना स्पोर्ट्स शूज द्यायची तयारी दाखवली. मी हौसेनं वही घेऊन बसले आणि एकेकीला फोन करून विचारलं, "तुमचा चपलेचा नंबर काय?" कुणी चार सांगितला, कुणी पाच. एक जण म्हणाली, "वहिनी, मी गाडीवर पायात घालून बघते आणि घेते. नंबर कशाला लागतो?" तिच्या नावापुढे मी अंदाजानं पाच लिहिला. बावीस जोड आले. सगळे एकसारखे, पांढरे, बाजूला गुलाबी पट्टी. वाटपाचा छोटा कार्यक्रम झाला, फोटो निघाले. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी.

लकडी पुलापर्यंत जाईस्तोवर सात-आठ जणींच्या पायांतले बूट हातात आले होते. कुणाच्या करंगळीला फोड, कुणाची टाच मागून सोललेली, तर एकीचा पाय बुटात इतका सैल की पाऊल पुढे आणि बूट मागे. पहिल्या आल्या त्या आमच्या पोळ्यांच्या मावशी. पदर खोचलेला, बूट काखेत, पाय अनवाणी. आम्ही कौतुकानं टाळ्या वाजवल्या. काय जिद्द आहे बाईची, म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात मावशींची टाच धरली. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ. सहा घरच्या पोळ्या म्हणजे सहा ओट्यांपाशी उभं राहणं. कधी खाडा, कधी उशीर. एप्रिल संपेपर्यंत दोन घरांनी दुसरी बाई बघितली. मावशी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बुटांचा जोड मात्र स्वच्छ पुसून, मूळ डब्यात घालून माझ्या दारात आणून ठेवला. "चांगले आहेत वहिनी, कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

तो डबा बरेच दिवस मी जागचा हलवला नाही. बुटांबद्दल जे काही शिकले ते त्या डब्यापायी, चाळिशी उलटल्यावर.

मावशींना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्याआधी घरचे सगळे उपाय करून झाले होते. वीट तापवून तिच्यावर रुईची पानं ठेवून शेक, तेल, मीठ टाकलेलं गरम पाणी. कुणीतरी "टाचेचं हाड वाढलंय, आता ऑपरेशन" असं सांगून घाबरवलंही होतं. डॉक्टरांनी टाचेखाली आतल्या बाजूला अंगठ्यानं दाबलं तशा मावशी कळवळल्या. मग त्यांनी शांतपणे समजावलं. टाचेचं वाढलेलं हाड एक्स-रेमध्ये पुष्कळांना दिसतं आणि त्यातल्या कित्येकांना काहीही दुखत नसतं. दुखतो तो बहुतेक वेळा तळव्याचा पट्टा. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली हा जाड, चिवट पट्टा पसरलेला असतो. धनुष्याच्या दोरीनं धनुष्य ताणून धरावं तसा तो पायाची कमान धरून ठेवतो. आपण टाच उचलून चवड्यावर येतो तेव्हा प्रत्येक पावलाला त्याच्यावर ताण पडतो. कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेल्या पोटऱ्या, झिजून पातळ झालेल्या चपला, आणि एकाएकी वाढवलेलं चालणं... यातलं एक तरी आपल्यापैकी प्रत्येकीकडे असतंच. मग हा पट्टा टाचेपाशी दुखावतो. रात्रभर पाय सैल पडलेला असताना तो आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला पुन्हा ताणला जातो. म्हणून ते पहिलं पाऊल सगळ्यांत वाईट, चार पावलं चाललं की जरा बरं. डॉक्टरी भाषेत याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. चाळिशी ते साठीच्या दरम्यान हे दुखणं जास्त दिसतं. पोटरीचे आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम, थोडी विश्रांती आणि योग्य पादत्राणं यांनी बहुतेकांचं काही महिन्यांत बरं होतं. ऑपरेशनची वेळ क्वचितच येते.

म्हणजे मावशींची टाच एका सकाळी बिघडलेली नव्हती. ती कित्येक वर्षं ओट्यापाशी, अनवाणी, ओल्या फरशीवर बिघडत आली होती. आमच्या शर्यतीनं शेवटचा धक्का दिला. हे ऐकून मला जरा हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गटात हा विषय काढला तेव्हा आमच्यातल्या सर्वांत मोठ्या काकू म्हणाल्या, "अगं, आमच्या आया-आज्या कुठे बूट घालत होत्या? आणि त्या बारामतीच्या बाई?" त्या लता भगवान करे यांच्याबद्दल बोलत होत्या. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून पहिल्या आलेल्या लताताई. त्यांच्यावर २०२० साली सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेखही झाला. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतही सुरुवातीला अनवाणीच धावायच्या. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक त्यांनी मिळवलं, तोवर पायांत अर्थातच चांगले बूट आले होते.

काकूंचा मुद्दा अगदीच खोटा नाही. जन्मभर मातीत, बांधावरून चाललेला पाय मजबूत असतो. पण आपले पाय मातीतले राहिलेले नाहीत. घरात टाईल्स, बाहेर सिमेंट आणि डांबर. आणि अनवाणी धावणाऱ्या बायकांचं आपण जे कौतुक करतो त्यात मला आता थोडी खोट दिसते. लताताईंना बूट नको होते म्हणून त्या अनवाणी धावल्या नाहीत. गरीब बाईचे उघडे पाय बघून टाळ्या वाजवणं सोपं असतं. मीही आठ मार्चला तेच केलं होतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगते. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन धावून जिंकला, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. तो अनवाणी का धावला, ते मात्र कुणी सांगत नाही. सरावात तो अनवाणी धावलेला होता हे खरं, पण तिथे त्याला मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसत नव्हते! न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी बरं, हा त्याचा हिशेब. चार वर्षांनी टोकियोला तो पुन्हा जिंकला, तेव्हा पायांत बूट होते.

आमच्या बावीस बायकांनी लकडी पुलावर नेमका बिकिलाचाच हिशेब केला होता. चूक त्यांच्या पायांची नव्हती, माझ्या वहीतल्या नंबरांची होती.

हा नंबर म्हणजे काय, हे मी तोवर कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आपल्याकडे दुकानात चार, पाच, सहा म्हणतात तो इंग्रजी नंबर. जुन्या काळी इंग्लंडात जवाचे तीन दाणे एका रांगेत ठेवले की एक इंच धरत. त्यावरून बुटाचा एक नंबर म्हणजे एक दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. युरोपचे ३७, ३८ हे नंबर वेगळ्या हिशेबाचे, अमेरिकेचे आणखी वेगळे. बायकांच्या बुटात इंग्रजी पाच तो अमेरिकी सात किंवा साडेसात होतो. डब्यावर तिन्ही छापलेले असतात आणि आपण त्यातला जो आवडेल तो वाचतो. शिवाय एका कंपनीचा पाच दुसऱ्या कंपनीच्या पाचाएवढा असेलच असं नाही. मुख्य म्हणजे हे सगळे नंबर लांबीचे. पाय किती रुंद आहे, बोटं कशी पसरली आहेत, त्याबद्दल नंबर काहीच सांगत नाही.

आणि आपले पाय रुंद असतात. हे माझं मत नव्हे. चेन्नईला सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूट ही सरकारी संशोधन संस्था आहे. तिनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं यंत्रानं घेतली. निष्कर्ष असा की भारतीय पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद असतात, आणि अरुंद बूट टोचतो म्हणून आपण लांबीला मोठा नंबर घेतो. मग रुंदीला कसाबसा बसतो, पण टाच सैल, बोटांपुढे पोकळी. नाडी करकचून बांधली की वरून पाय आवळतो. या पाहणीवरून 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवण्यात आली. 'भा' म्हणजे भारत. वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुषांप्रमाणे आठ गट. मी अलीकडे दुकानांत जे डबे पालथे घालून पाहिले त्यांच्यावर मला हे माप दिसलं नाही. तोपर्यंत आपलं माप आपणच घ्यायचं.

ते आम्ही घेतलं. एका रविवारी संध्याकाळी गटाच्या सगळ्या जणी आमच्या वाड्याच्या ओसरीवर जमल्या. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून जमिनीवर पसरली. माप संध्याकाळीच घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि आपल्याला बूट त्या पायांवर घालायचे असतात. उभं राहून घ्यायचं, बसून नाही, कारण वजन पडलं की पाऊल पसरतं. पेन्सिल अगदी सरळ धरून पायाभोवती रेघ मारायची. टाचेपासून सगळ्यांत पुढच्या बोटापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटीमीटरमध्ये लिहायची. सगळ्यांत पुढचं बोट अंगठाच असतो असं नाही, कित्येकींचं शेजारचं बोट लांब होतं. त्यावरून जाऊ-नणंदांचे जुने विनोदही झाले. आणि दोन्ही पायांचं माप घ्यायचं. निम्म्याहून जास्त जणींचे दोन पाय एकसारखे निघाले नाहीत. मोठ्या पायाच्या मापाचा बूट घ्यायचा, लहान पायाला जाड मोजा किंवा आत एक गादी घालता येते.

मावशींचा उजवा पाय भरला साडेचोवीस सेंटीमीटर आणि चवडा चांगला रुंद. मी त्यांना दिला होता पाच नंबरचा बूट. तोही अरुंद.

माझा स्वतःचा पायही मी कधी मोजला नव्हता, बरं का. लग्नाआधीपासून मी 'पाच नंबर' आहे. आता साडेपाचही घट्ट होतो. वयानं, बाळंतपणांनी, वजनानं पाऊल पसरतं. ब्लाऊजचं माप आपण दर दोन वर्षांनी नवीन देतो आणि पायाचं माप कॉलेजातलं चालवतो.

हा कागद घडी करून पर्समध्ये ठेवायचा आणि दुकानात बुटातली गादी काढून तिच्यावर ठेवून बघायचा. गादीच्या बाहेर पायाची रेघ जात असेल तर तो बूट परत. तालुक्याच्या गावात एकच दुकान असतं आणि दुकानदार म्हणतो, "ताई, वापरून सैल होईल." चामड्याची चप्पल सैल होते. स्पोर्ट्स शूज पहिल्या दिवशी टोचले तर ते पुढेही टोचणार, असं समजूनच चालावं. मुंबईहून मागवून देतो म्हणाला तर कागदाचा फोटो द्यावा. घरपोच मागवणार असाल तर बदलून मिळण्याची सोय बघावी, आणि पहिले दोन-तीन दिवस घरातच स्वच्छ फरशीवर घालून फिरावं, म्हणजे परत करता येतो.

बूट हातात घेतला की मी आता तीन गोष्टी करते. दुकानातला मुलगा हसतो, हसू दे. बुटाचा पुढचा भाग वर वाकवून बघते. तो चवड्यापाशी, जिथे आपली बोटं वाकतात तिथे वाकायला हवा. मधोमध घडी पडत असेल तर तळव्याच्या पट्ट्याला काही आधार मिळत नाही. मग ओलं फडकं पिळतो तसा पिळून बघते, सहज पिळला गेला तर नको. आणि टाचेमागचा भाग चिमटीत दाबते, तो टणक असावा. त्यानंतर मोजे घालून, दोन्ही पायांत बूट घालून, नाडी नीट बांधून उभी राहते. पुढच्या बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, बोटं आत हलवता यायला हवीत, टाच वर उचलली जायला नको. दुकानाबाहेर दहा पावलं चालून येते. एवढं केल्यावर रंग बघते.

बुटाच्या तळाशी हवा भरलेली, जेल भरलेलं, स्प्रिंग बसवलेली अशा जाहिराती बघून बिचकायचं कारण नाही. थोडी गुबगुबीत गादी टाचेखाली हवीच, पण जितका महाग तितका गुणकारी असं काही नसतं. ओल्या पावलाचा ठसा घेऊन पाय सपाट की कमानदार हे ठरवायचं आणि त्याप्रमाणे बूट द्यायचा, असा एक प्रघात दुकानांत आहे. अमेरिकेत लष्करात नव्यानं भरती झालेल्यांना असे कमानीप्रमाणे बूट देऊन पाहिले. इजा काही कमी झाल्या नाहीत. कॅनडातले बेनो निग नावाचे संशोधक आयुष्यभर धावण्याच्या बुटांचा अभ्यास करून सांगतात की, चालताना-धावताना पायाला जो आरामशीर वाटतो तो बूट बहुधा बरोबर असतो. आणि कुठलाही बूट दुखणं येणारच नाही याची हमी देत नाही. आज अर्धा किलोमीटर आणि परवा पाच, असं करणाऱ्या पायाला कुठला बूट वाचवणार?

आणखी एक युक्ती आम्हाला मावशींच्या बुटांसाठी फिरताना कळली. लक्ष्मी रोडवर चार दुकानं झाली. बायकांच्या कपाटातला सहा नंबरही चवड्याला घट्ट. शेवटी एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं पुरुषांच्या कपाटातला सहा काढून दिला. इंग्रजी नंबरात दोघांची लांबी साधारण सारखीच असते, पुरुषांचा बूट रुंदीला जास्त असतो. पाय घातल्याबरोबर मावशींचा चेहरा बदलला. बूट निळे, जरा पोराटकी दिसणारे. मी विचारलं, रंग चालेल ना? "रंगाचं काय वहिनी, पीठ सांडलं की सगळे पांढरेच."

मात्र बायकांचा पाय टाचेला अरुंद असतो, त्यामुळे पुरुषांचा बूट सगळ्यांनाच जमेल असं नाही. मुलाचे जुने बूट आईनं घालणं ही तर त्याहून निराळी गोष्ट. आपल्या घरांत ही फार चालते. मुलाला नवीन घेतले की जुने "अजून चांगले आहेत" म्हणून आई फिरायला घालते. त्या बुटाची गादी मुलाच्या पायानं, मुलाच्या चालीनं दबलेली असते. वरून चांगले दिसणारे बूट आतून संपलेले असू शकतात. धावण्याच्या बुटांचं आयुष्य साधारण पाचशे ते आठशे किलोमीटर धरतात. रोज तीन किलोमीटर, महिन्यातले पंचवीस दिवस चाललं तर सात ते अकरा महिने. नुसतं चालणाऱ्यांचे थोडे जास्त टिकतील, पण तळ एका बाजूनं झिजला, टेबलावर ठेवल्यावर बूट कलंडला की निरोप द्यावा. उलट, "लेकीकडे जाताना घालू" म्हणून माळ्यावर जपून ठेवलेल्या बुटांचा तळ न वापरताच चुरा होऊन गळून पडतो. दमट हवेत काही फोम आपोआप कुजतात. माझ्या नणंदेचे बूट असेच भर लग्नघरात उघडे पडले होते! धुताना वॉशिंग मशीन आणि कडक ऊन दोन्ही टाळावं. ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवावेत.

मुलींच्या बाबतीत तर आपण कपड्यांचा न्याय बुटांना लावतो. वाढत्या अंगाचा फ्रॉक ठीक आहे, वाढत्या पायाचे बूट नकोत. दोन नंबर मोठ्या बुटात पाऊल पुढेमागे सरकतं, मुलगी बोटं आवळून धावते, अडखळते. त्या चेन्नईच्या पाहणीतलीच आणखी एक गोष्ट म्हणजे मुलींच्या पायाची वाढ अकराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असते. तेव्हा पाचवी-सहावीतल्या मुलीचा पाय दर तीन महिन्यांनी कागदावर काढून बघा. आठ ते तेरा-चौदा वयाच्या खेळणाऱ्या मुलामुलींची टाच दुखते, त्याला आपण "नाटकं" म्हणतो. या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते आणि पोटरीची जाड शीर नेमक्या त्या जागी ओढ देते, त्याचं ते दुखणं असतं. आपल्या मुली खो-खो, कबड्डी खेळतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी तो जिंकला, तो मातीवर नव्हे, मॅटवर. मॅटवर झटकन वळताना पाय बाजूला घसरतो, तिथे सपाट तळाचे, बाजूनं घट्ट धरणारे बूट लागतात. रस्त्यावर धावण्याचे उंच, गुबगुबीत बूट त्या खेळाला उलट धोक्याचे, घोटा मुरगळतो.

साडीवर बूट कसे दिसतील, हा प्रश्न आमच्या गटात सगळ्यांत जास्त वेळ चालला. काकू म्हणाल्या, लोक हसतात. हसतात हे खरं आहे. मीसुद्धा पहिले पंधरा दिवस ओळखीचं कुणी भेटेल म्हणून अलका चौक टाळून जात होते. मग एके दिवशी घाई होती म्हणून चौकातूनच गेले. कुणीही बघितलं नाही. आता आमच्यातल्या दहा-बारा जणी सकाळी उद्यानाला चक्कर मारतात, साडी चार बोटं वर नेसून.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र हे सगळं डॉक्टरांना विचारून करावं. पायाची संवेदना कमी झालेली असते, बूट चावलेला कळत नाही, आणि फोडाची जखम व्हायला वेळ लागत नाही. त्यांनी अनवाणी चालूच नये, घरातसुद्धा. बूट घालण्याआधी आत हात फिरवावा, खडा असेल तर कळतो. रात्री तळवे आरशात बघावेत. मधुमेह नसला तरी पाय सुजला, बधिर झाला, टेकवताच येईना किंवा घरचे उपाय करून तीन-चार आठवड्यांत काही फरकच पडला नाही, तर वीट बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं.

मावशींची टाच सुधारायला सहा महिने लागले. निळे बूट घालून त्या घरून पेठेत येतात, एका घरून दुसऱ्या घरी जातात. पण डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं, जे मी आधी नीट ऐकलंच नव्हतं: ओट्यापाशीही अनवाणी उभं राहायचं नाही. आता आली पंचाईत. आपल्या घरांत बूट दाराबाहेर राहतात, आणि स्वयंपाकघरात चप्पल? मावशी स्वतः हे कुणाला विचारणार नव्हत्या. म्हणून त्यांच्या चार घरी मीच गेले. दोन घरी लगेच हो म्हणाले, घरात घालायचा स्वच्छ स्लिपरचा एकेक जोड फक्त मावशींसाठी आणून ठेवला. तिसऱ्या घरच्या सूनबाईंनी जाड रबरी मॅट घेतली, म्हणाल्या, मलाही हवीच होती.

चौथ्या घरी आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. ओट्याला लागूनच देवघर. माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चप्पल काही मी देवापाशी आणू द्यायची नाही." मी निघायला उठले. तशा त्या भिंतीला धरून धरून आतल्या खोलीत गेल्या, एक जुनी गोधडी घेऊन आल्या, चौघडी करून ओट्यापुढे अंथरली आणि स्वतः तिच्यावर उभं राहून बघितलं. "अजून एक लागेल," म्हणाल्या, आणि दुसरी आणायला परत आत गेल्या.